आपले फुगे आपण मोजावेत

मैत्रीच्या खेळात दुसऱ्याने गुण मांडण्याला माझा सक्त विरोध आहे. ज्याने नेम धरला त्यानेच मोजावं, मोठ्याने सांगावं आणि बाकीच्यांनी मुकाट्याने शेंगा खाव्यात. गोष्ट एवढी साधी; पण आमच्या हिमायतनगरात हल्ली ती बंडखोरी ठरू लागली आहे.

महाशिवरात्रीच्या सुमाराला श्री परमेश्वराची यात्रा भरते. दर्शन झालं की आमची मंडळी फुगे फोडायच्या बंदुकीपुढे जमतात. सगळे साठीचे. एक डोळा मिटला की दुसराही सोबतीला मिटतो. तरी दहा छर्रे झाडल्याशिवाय पाय पुढे निघत नाही. पूर्वी “किती?”, “चार”, “माझे सहा” एवढ्यावर प्रकरण मिटायचं. आता आमच्यातले एक निवृत्त हिशेबनीस खिशातून डायरी काढतात आणि रकाने आखतात. एका छऱ्याने दोन फुगे फुटले तर धरायचा एक की दोन? शेजारच्याच्या छऱ्याने फुटलेला कुणाच्या खात्यावर? निवाडा तेच देतात. वर “अहो, नियम म्हणजे नियम!” हे असतंच. मग दोन मिनिटांपूर्वी आनंदाने नेम धरणारा भला माणूस एकदम अपिलात जातो.

या बाबतीत बंदूकवाला आपला गुरू मानावा. तो फक्त छर्रे मोजतो, कारण छऱ्यांचे पैसे त्याला मिळायचे असतात. फुगे किती फुटले, याची तो चौकशीही करीत नाही. वास्तविक फुगा त्याचा, फुटला की नुकसान त्याचं! तरी तो शांत, आणि ज्यांचं काहीच जात नाही ते डायरी घेऊन उभे.

आमचे पूर्वज याहून शहाणे होते. विटीदांडूत टोला मारणारा स्वतःच दांडू टाकत जायचा आणि वकट, लेंड, मूंड, नाल असं ओरडून मोजायचा. हे आकडे मूळचे तेलुगू: ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. आमच्या स्टेशनावरून रेल्वे थेट आदिलाबादला जाते, तेव्हा आम्हांला ते परके वाटायचं कारण नाही. आकडे आम्ही शेजाऱ्याकडून घेतले. मोजणी मात्र ज्याची त्याच्याकडे ठेवली.

“पण लोक खोटं सांगतील त्याचं काय?” हा हिशेबनीसांचा हुकमी सवाल. सांगू देत की! चाराचे सहा सांगून कुणाला जहागीर मिळणार आहे? उलट वीस वर्षं शेजारी राहून जे कळलं नाही, ते दहा छऱ्यांत कळतं. खरी अडचण वेगळीच आहे. डायरी आली की खोटेपणा जात नाही, खरेपणाला वाव राहत नाही. “नाही हो, तो माझा नाही, वाऱ्याने फुटला,” असं स्वतःविरुद्ध सांगायची संधी रोजच्या जगण्यात माणसाला मिळते तरी किती? ती फुकट मिळत असताना डायरीवाला हिरावून घेतो. मग आपण खरं बोलायचं सोडून सवलत मागायला लागतो. मोठ्या माणसाला लहान करायची याहून स्वस्त युक्ती नाही.

आता, स्पर्धेची गोष्ट निराळी. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा 451.4 हा आकडा यंत्राने मोजला आणि ते योग्यच झालं. मातीच्या उडत्या तबकड्या टिपण्याच्या ट्रॅप स्पर्धेतही तबकडीचा टवका उडाला की नाही, हे पंचच ठरवतो. तिथे पदक असतं. पण चार मित्र रविवारी पंचवीस तबकड्यांवर बार काढायला जमले, तर तिथे पंच म्हणजे लग्नात फौजदार.

दुसऱ्याच्या मांडणीवर विसंबलं की काय होतं, हे गोल्फवाल्यांना विचारा. तिथल्या रिवाजाप्रमाणे एकाचं कार्ड दुसरा लिहितो. 1968 साली अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबर्तो दे विचेन्झोने सतरावा खड्डा तीन फटक्यांत घेतला. सोबत्याने कार्डावर चार लिहिले. बिचाऱ्याने न तपासता सही ठोकली. एकूण 65 चे 66 झाले आणि बरोबरीत येऊन विजेतेपदासाठी पुन्हा खेळायची संधी गेली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता! लाखो लोकांनी तीन फटके पाहिले होते. कागदाने चार पाहिले.

तेव्हा माझी मागणी अशी, की मित्रांच्या खेळात कागद-पेन्सिलीला बंदी असावी. हिशेबनीसांच्या हाती डायरीऐवजी बंदूक द्यावी. दहा छऱ्यांनंतर ते जो आकडा सांगतील, तो आम्ही बिनतक्रार मान्य करू. आपल्या एकेका कर्माचा हिशेब मांडायला वर चित्रगुप्त बसलेलाच आहे. यात्रेत त्याचा बदली कारकून कशाला?