सबील : वाटही आणि पाणीही

मोहरमच्या दिवसांत मोहल्ल्याच्या नाक्यावर पाण्याचे, सरबताचे पिंप मांडले जाते, त्याला उर्दूत 'सबील' म्हणतात. हिंदू शेजाऱ्यांनाही हा शब्द ओळखीचा आहे. पण अरबीत सबीलचा मूळ अर्थ पाणपोई नाही, तर वाट असा आहे. वाटेवर तहानलेल्याला पाणी पाजण्याची रीत इतकी रुजली की वाटेचेच नाव पाण्याच्या जागेला मिळाले. कुरआनात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत एक आहे 'इब्नुस्सबील'. शब्दशः वाटेचा पुत्र. आपल्या मराठीत वाटसरू. घरी तो श्रीमंत असेलही. पण वाटेत अडला, की तो मदतीचा हक्कदार ठरतो.

या शब्दाचा अर्थ कळायला एक फार दूरची वाट उपयोगी पडते. अमेरिकेच्या पश्चिमेला 'पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल' नावाची पायवाट आहे. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या कॅम्पो गावातून ती निघते आणि कॅलिफोर्निया, ओरेगॉन व वॉशिंग्टन ही तीन राज्ये ओलांडून कॅनडाच्या सीमेला भिडते. लांबी सुमारे ४,२६५ किलोमीटर. १९६८ साली तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला. पाठीवर तंबू, अंथरूण आणि शिधा घेऊन माणसे चार-पाच महिने ती चालतात. बर्फाचे डोंगर पुढे येतात. पहिली परीक्षा असते ती दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाची.

सिझर्स क्रॉसिंग या रस्त्यांच्या चौफुलीपासून बॅरल स्प्रिंग या झऱ्यापर्यंतचा टप्पा सुमारे ३८ किलोमीटरचा आहे. मध्ये ना नदी, ना विहीर. सॅन फेलिपेच्या उघड्या डोंगरांवर निवडुंग आणि काटेरी झुडपे. सावली जवळपास नाहीच. इथे चालणाऱ्याचा दिवस रोजेदाराच्या दिवसासारखाच पहाटेच्या अंधारात सुरू होतो. ऊन चढण्याआधी जेवढे अंतर कापले जाईल तेवढे खरे. पाठीवर पाच-सहा लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो ओझे. पाणी प्यायले की ओझे हलके होते आणि काळजी जड. दुपारी एखाद्या खडकाच्या ओंजळभर सावलीत अंग चोरून बसायचे, बाटली उजेडात धरून किती उरले ते पाहायचे आणि एक घोट तोंडात घोळवून गिळायचा.

या टप्प्याच्या साधारण मध्यावर 'थर्ड गेट' नावाची जागा आहे. तिथे वाटेपासून थोडे बाजूला पाण्याच्या बाटल्या ओळीने रचून ठेवलेल्या असतात. ठेवणारा समोर नसतो. कोणी नाव विचारत नाही, देश विचारत नाही, पैसे मागत नाही. आसपासच्या भागातील स्वयंसेवक हे पाणी आणून ठेवतात. तिथले वाटसरू अशा माणसांना 'वाटेवरचे फरिश्ते' या अर्थाच्या नावाने ओळखतात. शहाणा वाटसरू गरजेपुरतेच घेतो, कारण मागून कोणीतरी येत असतो.

गंमत अशी, की या पायवाटेची देखभाल करणारी संस्थाच चालणाऱ्यांना बजावते : या साठ्यांवर विसंबू नका. बाटल्या रिकाम्या असू शकतात. आपले पाणी आपण उचला. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, या आशयाची हदीस आहे. तिचाच हा अर्थ. घेणाऱ्याने दुसऱ्याची दया गृहीत धरू नये. पण देणाऱ्याचा नियम याच्या नेमका उलटा आहे. कोणाचा तरी जीव या बाटलीवरच अवलंबून आहे, असे समजून त्याने ती भरायची असते. दोघांनी आपापला नियम पाळला, तरच वाट चालू राहते.

आपल्याकडे हे नवे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. नदीकाठी वाटसरूंसाठी निवारे आणि पाणपोया उभारल्याची नोंद त्यात आहे. संत एकनाथांची कथा तर प्रत्येक मराठी घराला माहीत आहे : रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतले. हदीसमध्ये असाच एक वाटसरू भेटतो. तो विहिरीत उतरून स्वतः पाणी पितो. वर आल्यावर तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा त्याला दिसतो. तो पुन्हा खाली उतरतो, पायातल्या मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाजतो. एवढ्यावर अल्लाह त्याला माफ करतो. दोन्ही कथांत पाणी पिणारा आपल्या जातीचा नाही, धर्माचा नाही, माणूसही नाही.

आणि याच मातीत महाडचे चवदार तळेही आहे. तिथे गुरांना पाणी पिता येत होते, माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते पाणी ओंजळीत घेऊन हक्क सांगावा लागला. पाणी देताना पिणाऱ्याला 'तू कोण?' असे विचारले की पाणीही जुलूम होते. म्हणून थर्ड गेटच्या त्या बाटल्यांजवळ कोणी उभे नसणे, हेच त्या दानाचे मोठेपण आहे.

रोजेदाराची तहान ठरवून घेतलेली असते. मगरीबची अजान होईल, खजूर आणि पाणी समोर येईल, हे त्याला ठाऊक असते. वाटसरूच्या तहानेला अजानची वेळ नाही; म्हणूनच प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली गेली. मग महिनाभराची ही ठरवलेली तहान कशासाठी? बिनठरवलेली तहान ओळखता यावी यासाठी. ती ओळखता आली नाही, तर दिवस फक्त उपाशी गेला.

इथे आपल्या शहरांनी स्वतःकडे पाहायला हवे. पाणपोईचे उद्घाटन थाटात होते. फलकावर दात्याचे नाव माठापेक्षा मोठे असते. फोटो छापून येतो. मे महिन्यात तोच माठ कोरडा, पेला गायब, फडके मळलेले. दुसरीकडे इफ्तारच्या दस्तरखानावर दोन घोट पिऊन टाकलेल्या बाटल्यांचा ढीग पडतो. वजूच्या नळाखाली पाणी वाया जाते, जरी वाहत्या नदीकाठीही जपून वापरण्याची शिकवण असली तरी. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. ईद होऊन जाते, शीरखुर्मा संपतो आणि खरा उन्हाळा पुढे उरतो. भारा उचलणारा हमाल, डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली, घरोघर पार्सल पोचवणारा पोरगा हे सगळे इब्नुस्सबीलच. वीस रुपयांची बाटली त्यांच्या दिवसाच्या हिशेबात बसत नाही.

सदका द्यायचाच असेल, तर यंदा एक माठ घ्यावा. घराच्या, दुकानाच्या, मशिदीच्या किंवा मंदिराच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला ठेवावा. त्यावर नाव नको. गल्लीतल्या चार घरांनी, मग ती कोणाचीही असोत, वार वाटून घ्यावेत. पहिल्या दिवशी माठ भरणारे पुष्कळ असतात. चाळिसाव्या दिवशी, कोणी बघत नसताना, जो तो विसळून पुन्हा भरतो, सबील त्याची.