‘घरीच तर आहेस!’



सीएचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत हसऱ्या मुलींचे फोटो झळकतात. आनंदच आहे. आर. शिवभोगम १९३३ साली हिशेबतपासनिसाची परीक्षा उत्तीर्ण होऊन देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट झाल्या, तेव्हापासून आपण बराच पल्ला गाठला.

पण फोटोत नसलेल्यांचं काय? नोव्हेंबर २०२३च्या अंतिम परीक्षेत दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी जेमतेम साडेनऊ टक्के उत्तीर्ण झाले. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के हवेत. सगळीकडे ४५ पडले तरी नापासच. म्हणजे इथे पुन्हा बसावं लागणं हीच रीत. हुशारीइतकंच, पुन्हा बसू देणारं घर लागतं. मुलाला ते न मागता मिळतं. मुलीला दुसऱ्या अपयशानंतर विचारलं जातं, “आणखी किती वर्षं?”

२०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. ती संपल्यावर अंतिम परीक्षेआधी अभ्यासाला सहा महिने मोकळे. कागदावर उत्तम. आमच्याकडे येणारी एक मुलगी मात्र म्हणाली, “ताई, ऑफिसात जात होते तेव्हाच जास्त वाचून व्हायचं. आता सगळे म्हणतात, घरीच तर आहेस!” आजीचं पथ्यपाणी, भावाचा डबा, आणि मधूनच ‘बघायला’ येणारी मंडळी. (स्थळांना ‘सीए फायनलला आहे’ चालतं म्हणे. सीए झालेली मात्र जड जाते.)

२०२४च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८. ही आकडेवारी विद्यार्थिनींची नव्हे, सगळ्याजणींची. पण वळण तेच. फरक तीन तासांहून जास्त. सीएचा बहुतेक पेपर तीन तासांचाच असतो.

ऑफिसांतही वेगळं नाही. मुलींना बाहेरगावच्या ऑडिटला न नेणारी ऑफिसं आजही आहेत. काळजीपोटी, असं सांगतात. मग गोदामात उभं राहून माल मोजण्याचा अनुभव तिने पाठांतरातून आणायचा.

निकालाच्या टक्केवारीत यातलं काही दिसत नाही. म्हणून तुम्हीच लिहा: तुमच्या घरात भावाला किती वेळा बसू दिलं, तुम्हाला किती वेळा? सोडून दिलेल्यांनी तर जरूर लिहा. नाव नको असेल तर छापणार नाही.