मायटोकॉन्ड्रियाचे आजार: सरसकट किटो आहार नको



मायटोकॉन्ड्रियाचा आजार हा एकच आजार नाही. पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार होते, त्या साखळीत नेमका बिघाड कुठे आहे यावर त्याचे रूप ठरते आणि पथ्यही. निदान होण्याआधीच ऐकीव माहितीवर मुलाला किटो आहार (भरपूर स्निग्ध, अत्यल्प पिष्टमय) सुरू करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पायरुव्हेट डीहायड्रोजनेज या विकराची कमतरता असली की पिष्टमय अन्नातली ऊर्जा वाटेत अडते आणि रक्तात लॅक्टेट साठते. स्निग्ध पदार्थांची वाट हा अडथळा टाळून जाते, त्यामुळे अशा मुलांना किटो आहाराचा खरोखर उपयोग होतो. कर्नाटकातल्या आमच्या होसकोटे भागात घरोघरी होणारे रागीमुद्दे (नाचणीचे गोळे) मात्र त्यांना चालत नाहीत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदके असतात. उलट पायरुव्हेट कार्बोक्सिलेजची कमतरता असेल, किंवा शरीराला चरबीच जाळता येत नसेल, तर हाच आहार जिवावर बेततो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचेही तसेच. मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवरील उपचारांच्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात कोणत्याही उपचाराचा ठोस पुरावा आढळला नाही. तरीही बायोटिन-थायमिनला दाद देणाऱ्या मेंदूच्या आजारात हीच दोन जीवनसत्त्वे वेळेवर मिळाली तर मूल सावरते. त्या आजाराचा संशय आल्यास जनुकीय तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांनी ती सुरू करायला हवीत.

बहुतेक मुलांना लागू पडणारा नियम एकच: फार वेळ उपाशी ठेवायचे नाही. तापात, उलट्यांत पोट रिकामे राहिले की प्रकृती झपाट्याने ढासळते. अशा वेळी एरवी डेक्स्ट्रोजचे सलाइन लावतात. पण पायरुव्हेट डीहायड्रोजनेजची कमतरता असलेल्या मुलात त्यानेच लॅक्टेट वाढू शकते. रात्री दोन वाजता तालुक्याच्या रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला हे कोण सांगणार? घाबरलेल्या आईवडिलांवर हे सांगण्याचा भार टाकणे अन्यायाचे आहे.

बंगळुरूत निम्हान्ससारखी मेंदूविकारांची संस्था आहे, दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चे राष्ट्रीय धोरणही आहे. त्यांच्या जोडीला एका कागदाची सक्ती हवी. मोठ्या रुग्णालयातून घरी सोडताना अशा प्रत्येक मुलासोबत निदान, चालणारे आणि न चालणारे सलाइन, टाळायची औषधे (पोलजी जनुकात दोष असल्यास व्हॅल्प्रोएट) आणि तज्ज्ञांचा दूरध्वनी लिहिलेले सहीशिक्क्याचे पत्र द्यावे. कर्नाटकच्या आरोग्य खात्याने ते कन्नड आणि इंग्रजीत ठरावीक नमुन्यात छापून घ्यावे, आणि त्याची एक प्रत जवळच्या तालुका रुग्णालयात आधीच पोहोचती करावी.

एक वाचक, होसकोटे