चाकाचा मध्य

बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली तर लोहार नवी चढवितो. पण तुंब्यांत बिघाड झाला कीं सारी गाडीच डोलूं लागते. मोटारीच्या चाकासही हाच न्याय लागू आहे, याचा प्रत्यय आम्हांस नुकताच घरीं आला.

चाकें किंचित् बाहेर दिसावींत म्हणून आमच्या पुतण्यानें तुंबा व चाक यांच्यामध्यें धातूच्या चकत्या बसविल्या. यांस स्पेसर म्हणतात. त्या दिवसापासून ताशीं ८० किलोमीटरांपुढें गाडी थरथरूं लागली. कारागिरानें दोनदां बॅलन्सिंग केलें; थरथर कायम! "काका, रस्ताच खराब आहे," असें चिरंजीव म्हणूं लागले. आठवड्यानें त्याच गाडींतून मंडळी लग्नास निघावयाची होती.

आम्हीं म्हटलें, आधीं लक्षणें पाहूं. थरथर स्टिअरिंगवर जाणवली तर संशय पुढील चाकांचा, बैठकींत जाणवली तर मागील चाकांचा. केवळ ब्रेक दाबतांना होत असेल तर ब्रेकच्या तबकड्यांचा. येथें ती स्टिअरिंगवर होती व वेगाबरोबर वाढत होती. पुढील चकत्या काढून गाडी हांकली, थरथर नाहीं. पुन्हां बसविल्या, पुन्हां थरथर. नैयायिकांचा अन्वय आणि व्यतिरेक असा कामास आला.

आतां कारण पाहूं. तुंब्याच्या मधोमध उंच कडा असते; चाकाचें भोक तीवर नेमकें बसून चाक मध्यावर येतें. या कडेचा व्यास ५४.१ मिलिमीटर, तर चकतीचें भोक ६०! शिवाय ५ मिलिमीटर जाडीच्या चकतीनें कडा बहुतेक झांकली गेली. चाक केवळ नटांच्या आधारें, मध्यापासून किंचित् ढळून बसलें. बॅलन्सिंगचें यंत्र चाकास त्याच्याच भोकावर मध्यस्थ धरतें. तेथें तें निर्दोषच ठरणार. दोष चाकांत नव्हता, बैठकींत होता.

खरें भय पुढेंच होतें. १२ मिलिमीटरांच्या बोल्टावर नट निदान तितकाच खोल शिरावा लागतो. आमचा नट ५ फेऱ्यांतच घट्ट झाला. दर फेऱ्यास १.५ प्रमाणें अवघा साडेसात मिलिमीटर! असें चाक भर वेगांत निखळलें असतें तर? पुतण्यानें स्वतःच फेरे मोजले आणि तो गप्प झाला.

चकत्या लावावयाच्याच असतील तर आपल्या तुंब्यास नेमक्या बसणाऱ्या, स्वतःची कडा व पुरेसे लांब बोल्ट असलेल्या घ्याव्या. तुंब्यावरील गंज साफ करावा. चाक अधांतरीं असतांना नट समोरासमोरच्या क्रमानें हातानें बसवावे. मग गाडी खालीं घेऊन टॉर्क पान्यानें उत्पादकानें सांगितलेल्या मापानें आवळावे व १०० किलोमीटरांनंतर पुन्हां तपासावे.

आम्हीं चकत्या काढल्या आणि मंडळी लग्नाहून सुखरूप परतली. गाडीची शोभा गेली असें पुतण्यास अजून वाटतें. त्याच्या मातोश्रींस मात्र तसें मुळींच वाटत नाहीं.