‘नको’ म्हणण्याची मजुरी

अवेळी दूरध्वनीवर येणारे कर्जाचे प्रस्ताव, दारात पडणारी जाहिरातपत्रके, तक्रार ऐकून घेण्यापूर्वी ग्राहकाला ताटकळत ठेवणारी कंपन्यांची यंत्रणा आणि बातमीच्या वेषात घरात शिरणारी जाहिरात, या साऱ्या गोष्टींची गणना आपल्या चळवळीत आजवर मध्यमवर्गीय कुरकुरीत होत आली आहे. घर, पाणी, रोजगार आणि महागाई हे प्रश्न उंबरठ्यावर उभे असताना असल्या किरकोळ उपद्रवांकडे लक्ष देण्यास सवड कोणाला आहे, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. तो वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु या उपद्रवाचा भार समाजातील कोणत्या थरावर सर्वांत अधिक पडतो आणि त्यातून नफा कोणाच्या पदरात पडतो, हे तपासले म्हणजे त्या युक्तिवादातील उणीव ध्यानात येते.

काळाचौकीचे उदाहरण घ्यावे. लालबाग, घोडपदेव आणि कॉटन ग्रीन यांच्यामध्ये वसलेल्या या भागाचा दिवस एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ चे साचेही कायमचे थांबले. त्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला. चाळींतून आणि म्हाडाच्या अभ्युदय नगर वसाहतीतून वाढलेल्या पुढच्या पिढीला हजेरीपट आणि कायम नोकरी यांचे संरक्षण लाभले नाही. त्यांपैकी कोणी घरपोच माल पोचवितो, कोणी सुरक्षारक्षक आहे, कोणी मॉलमध्ये विक्रेती आहे, कोणी बदली चालक आहे. यांचे काम दूरध्वनीवरच येते. सुखवस्तू गृहस्थाला अनोळखी क्रमांक न उचलण्याची चैन परवडते. ज्याला उद्याचे काम अनोळखी क्रमांकावरूनच कळणार आहे, त्याला प्रत्येक वेळी हातातले काम टाकून तो उचलावाच लागतो. वृद्ध गिरणी कामगाराचीही तीच गत असते. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. तेव्हापासून कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकलेल्या कुटुंबांना म्हाडाचा निरोप कधी येईल, याची वाट असते. आपण कोणताही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडाला आपल्या सोडतीच्या जाहिरातींतून बजावून सांगावे लागते, यावरून या वाट पाहण्यावर किती जणांचा डोळा आहे हे समजून येते.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र अगदी साधे आहे. पूर्वी एखाद्या दुकानदाराला शंभर घरी आपला माल कळवावयाचा असेल, तर छपाईचा, टपालाचा किंवा माणसाच्या पायपिटीचा खर्च त्याला सोसावा लागे. त्या खर्चामुळे त्याच्या उत्साहाला आपोआप आवर बसे. आज एक संदेश पाठविण्याचा खर्च काही पैशांवर आला आहे आणि यंत्राने लावलेल्या दूरध्वनीला माणूसही लागत नाही. हजारांत एक गिऱ्हाईक सापडले तरी कंपनीचा खर्च वसूल होतो. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणांचा जो वेळ गेला, त्याची नोंद तिच्या जमाखर्चात कोठेही होत नाही. कारखान्याने आपले सांडपाणी नदीत सोडावे आणि ते साफ करण्याचा खर्च गावावर पडावा, तसाच हा प्रकार आहे. समजा, एखाद्या वस्तीत दहा हजार दूरध्वनी आहेत आणि अशा उपद्रवापायी प्रत्येकाची दिवसाला अवघी तीन मिनिटे जातात. तीस हजार मिनिटे म्हणजे पाचशे तास. आठ तासांची एक पाळी धरली तर बासष्ट पाळ्यांहून अधिक काम ती वस्ती रोज फुकट करते. एवढ्या पाळ्या कोणत्याही गिरणीमालकाने बिनपगारी मागितल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी गेटवर सभा झाली असती.

वेळ ही कामगाराची मालमत्ता आहे, हा विचार या परिसरात नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या अग्रस्थानी होत्या. १० जून १८९० रोजी रविवारच्या सुटीची मागणी मालकांना मान्य करावी लागली. आठवड्याचा एक दिवस आणि दिवसाचा काही भाग मालकाच्या हुकमतीबाहेर असावा, यासाठी ती पिढी लढली. त्याच मोकळ्या वेळेत आज कर्ज, विमा आणि सदनिका विकणाऱ्यांची ये-जा चालते, आणि तिला अटकाव करण्याचे कामही कामगाराच्याच माथी मारण्यात आले आहे.

कायद्याने काय केले, हे या संदर्भात पाहणे उद्बोधक आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ साली नियम करून नको असलेले दूरध्वनी थांबविण्यासाठी एक नोंदवही उघडली. २०१० मध्ये नवे नियम आले, २०१८ मध्ये पुन्हा नवे आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. १९०९ या क्रमांकावर नकार नोंदविता येतो, तक्रारही करता येते. पूर्वी तक्रारीला तीन दिवसांची मुदत होती, ती सात दिवसांची झाली. बिननोंदणीच्या विक्रेत्यांवर कारवाई करण्यास तीस दिवस होते, ते पाच दिवसांवर आले. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. तथापि अठरा वर्षांत एवढ्या वेळा नियम बदलावे लागले, याचा अर्थ रोग मुळाशी राहिला, असाच होतो. या साऱ्या रचनेचे गृहीत असे आहे की, ज्याने नकार नोंदविला नाही त्याच्या दारावर थाप मारण्यास विक्रेता मोकळा आहे. नकार नोंदवावयाचा नागरिकाने, तो मोडल्यास क्रमांक, तारीख आणि मजकूर टिपून ठेवावयाचा नागरिकाने, मुदतीत तक्रार करावयाची तीही त्यानेच. विक्रेत्यासाठी १४० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवली, तर तो साध्या दहा आकडी क्रमांकावरून बोलू लागतो. ज्याला अर्ज वाचता येतो आणि ज्याच्यापाशी सवड आहे, त्याचेच या व्यवस्थेत निभावते.

याउलट युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशान्वये जाहिरातीचे ई-मेल आणि स्वयंचलित दूरध्वनी यांसाठी पूर्वसंमतीचे तत्त्व स्वीकारले. तेथेही पळवाटा आहेत. पण संमती मिळविल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी धंदा करणाऱ्यावर आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कामगाराने कर्जाचा हप्ता अठरा दिवस थकविला तर त्याला किती मुदत मिळते, याची तुलना वाचकांनीच करावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला जो आवाज ऐकू येतो, तो बहुधा आपल्याच वस्तीतल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा असतो. दिवसाला इतके क्रमांक लावलेच पाहिजेत, इतक्यांना पटविलेच पाहिजे, असा आकडा त्यांच्या डोक्यावर टांगलेला असतो. तो पुरा न झाल्यास पगार कापला जातो अथवा नोकरी जाते. त्या मुलावर ओरडून संताप शमतो, पण त्यामुळे फक्त दोन श्रमिक एकमेकांशी भांडतात आणि ज्याने आकडा ठरविला तो नामानिराळा राहतो. ग्राहकांची चळवळ आणि या कर्मचाऱ्यांची संघटना यांचे हितसंबंध एकच आहेत, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी दोन्हीकडे समजावून सांगितली पाहिजे.

प्रसारमाध्यमांचा प्रश्न याच साखळीतला पुढचा दुवा आहे. वर्तमानपत्राची किंमत त्याच्या निर्मितीखर्चापेक्षा पुष्कळच कमी असते. तूट जाहिरातदार भरून काढतो. म्हणजे वाचक वर्तमानपत्र विकत घेतो आणि त्याच वेळी वर्तमानपत्र वाचकाला जाहिरातदाराकडे विकते. हा पेच आपल्या देशाला पूर्वीच कळला होता. मोठ्या भांडवलाच्या पत्रांनी स्वस्तात अधिक पाने देऊन लहान पत्रांना बुडवू नये, या हेतूने १९५६ साली पानांच्या प्रमाणात किंमत ठरविण्याचा कायदा झाला आणि १९६० मध्ये तसा आदेश निघाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरविला. शासनाने वृत्तपत्राची पाने मोजू नयेत, हे तत्त्व योग्यच होते. १९७५ ची आणीबाणी ज्यांनी अनुभवली, त्यांना ते निराळे सांगावयास नको. मात्र शासनाची बेडी निघाली तरी जाहिरातदाराची सैल झाली नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी उजेडात आणले, आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये या विक्रीचा सविस्तर अहवाल दिला. दूरचित्रवाणीवर तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात, असा नियम आहे. म्हणजे नियम पाळला तरी प्रेक्षकाच्या वेळेचा पाचवा हिस्सा जाहिरातदाराचा. तो अमलात आणण्याची हालचाल होताच २०१३ मध्ये वाहिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. कंपन्यांविरुद्धची सामान्य माणसाची तक्रार माध्यमांतून क्वचितच का दिसते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

जाहिरातीमुळे ग्राहकाला माहिती मिळते आणि स्पर्धा वाढून किंमती उतरतात, असा आक्षेप यावर घेतला जाईल. वस्तूचा भाव, वजन आणि गुण सांगणाऱ्या जाहिरातीविषयी कोणाचीच तक्रार नाही. परंतु गॅलब्रेथ यांनी १९५८ सालीच दाखवून दिले की, समृद्ध भांडवलशाहीत गरज भागविणारी यंत्रणाच गरज निर्माणही करीत असते. आता ती त्याहीपुढे गेली आहे. ‘शेवटची काही मिनिटे उरली’ अशी खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू बिलात सरकविणे, सेवा घेणे सोपे आणि सोडणे दुष्कर करून ठेवणे, अशा तेरा क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अधिकृतपणे केली आहे. फसवणुकीचे असे वर्गीकरण करण्याची वेळ सरकारवर यावी, यातच माहितीच्या युक्तिवादाचा निकाल लागतो.

तर मग कार्यकर्त्यांनी काय करावे? एकट्याने क्रमांक अडवून हा प्रश्न सुटत नाही. एक अडविला की दुसरा उगवतो. मुंबईच्या कामगार वस्त्यांनी ग्राहक म्हणून संघटित होण्याचे धडे पूर्वीच गिरविले आहेत. १९४८ मध्ये नायगावात कामगारांची ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी लढ्यात लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारच्या कुटुंबांनी मिळून महिन्याचा माल एकत्र खरेदी करण्याची पद्धत तिने रुजविली. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा याच जागृतीच्या काळात आला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात, समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार दाखल करता येते, आणि वकील देण्याची सक्ती नाही. हे शस्त्र बहुतेक गंजत पडले आहे.

शाखांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखावी. वस्तीतील लोकांचे नकार नोंदवून द्यावेत, आलेल्या दूरध्वनींची एक सामाईक वही ठेवावी, आणि एकाच कंपनीविरुद्ध पुरेशा नोंदी जमल्या की त्या तक्रारी सुट्या न ठेवता एकत्र द्याव्यात. त्याचबरोबर तीन मागण्यांचा आग्रह धरावा. पहिली, स्पष्ट पूर्वसंमतीवाचून विक्रीचा कोणताही दूरध्वनी किंवा संदेश पाठविण्यास बंदी असावी आणि संमतीचा पुरावा कंपनीने द्यावा. दुसरी, नियमभंगाचा दंड सरकारी तिजोरीत न अडकता त्याचा ठरावीक हिस्सा ज्याचा वेळ गेला त्या नागरिकाच्या हाती पडावा. तिसरी, सेवा जितक्या टप्प्यांत सुरू होते तितक्याच टप्प्यांत ती बंद करता यावी, आणि तक्रारीसाठी माणसाशी, आपल्या भाषेत, ठरलेल्या वेळेत बोलता यावे.

या मागण्यांनी भांडवलशाही उलथून पडणार नाही, हे खरे. रविवारच्या सुटीनेही ती पडली नव्हती. पण त्या सुटीने कामगाराला सभेला जाण्यास, वाचण्यास आणि संघटना बांधण्यास एक दिवस मिळवून दिला आणि पुढचे लढे त्या दिवसाच्या बळावर उभे राहिले. आज तो मोकळा वेळ मिनिटामिनिटाने खरवडून नेला जात आहे. तो वाचविण्याचे काम आपल्या कार्यक्रमपत्रिकेत घेतले, तर ज्यांना मोठ्या प्रश्नांच्या सभेला यावयास सवड नाही, त्यांना ती मिळण्याची वाट थोडी तरी मोकळी होईल.