हौस फिटते, साखळी सुटते!

रविवारची पहाट. बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर एक गाडी कडेला थांबते. मागचं दार उघडतं आणि सोनेरी रंगाचा लॅब्राडोर उडी मारून खाली उतरतो. आपल्याला फिरायला आणलंय, या आनंदात त्याची शेपटी हलत असते. तो जवळच्या खांबाचा वास घेईपर्यंत दार बंद होतं, गाडी निघते. कुत्रा मागे धावतो. दोनशे पावलं, पाचशे पावलं... मग धाप लागते. तो परत त्याच खांबापाशी येऊन बसतो. ऊन चढतं, रात्र होते. तशाच रंगाची गाडी दिसली की तो उठतो, दोन पावलं धावतो आणि पुन्हा बसतो. त्याच्या मानेवर पट्ट्याचा वळ असतो. पट्टा मात्र नसतो. पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असतो ना!

हे चित्र कुठल्या एका दिवसाचं वा एका कुत्र्याचं नाही. थोड्याफार फरकानं ते बंगळुरूतल्या प्राणिसेवकांना तोंडपाठ झालंय. कधी रस्ता वेगळा असतो, कधी लॅब्राडोरच्या जागी पग असतो, तर कधी पोत्यात बांधलेली मांजराची पिल्लं. पुणे-मुंबईच्या प्राणिमित्रांनाही ते नवं नाही.

‘कुत्रंच ते! चार कुत्र्यांत मिसळून जाईल,’ अशी मालकाची समजूत असते. ती साफ चुकीची आहे. रस्त्यावर जन्मलेलं कुत्रं रहदारी ओळखतं, उकिरड्यात अन्न शोधतं, कुठल्या गल्लीत जायचं आणि कुठल्या नाही हेही जाणतं. घरात ताटलीतलं खाऊन सोफ्यावर झोपलेल्या कुत्र्याला यातलं काहीच येत नाही. प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्यांची आपली हद्द असते. नवखा आला की ती तुटून पडतात. त्यातून वाचला तर गोचिडांचा ताप, पार्व्हो, डिस्टेंपर टपलेलेच असतात. म्हणजे कुत्रं ‘मोकळं सोडणं’ हा शब्द सोयीचा. प्रत्यक्षात ते हळूहळू मारणंच असतं.

हे बंगळुरूत इतकं का घडतं? हवा थंड, पगार बरा आणि शहर तरुण. लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नोकरदार जोडप्याला घरी वाट पाहणारं कुणीतरी हवंसं वाटतं. पिल्लू येतं, फोटो निघतात, वाढदिवसाला केक कापला जातो. नव्याचे नऊ दिवस सरतात. मग पिल्लू मोठं होतं, चपला कुरतडतं, दहा-दहा तास एकटं राहून भुंकू लागतं. शेजारी कुरकुरतात. घर बदलावं लागतं, परदेशी बदली होते, बाळ येतं किंवा कुत्रं म्हातारं होऊन औषधपाण्याचा खर्च सुरू होतो. कारणं खरीही असतात, पण त्यातलं एकही अचानक आकाशातून पडलेलं नसतं. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, मांजर त्याहूनही जास्त, हे घेतानाच ठाऊक असायला हवं.

निवड करताना तर जाहिरात आणि सिनेमाच मालक होतात. ‘हच’ या मोबाइल कंपनीची २००३ मधली जाहिरात अनेकांना आठवत असेल. लहान मुलाच्या मागेमागे फिरणारा तो चपट्या तोंडाचा पग! त्या जाहिरातीनं पगला देशभर मागणी आली. पण ज्या चपट्या तोंडावर लोक भाळले, त्याच तोंडामुळं त्याला श्वास घ्यायला त्रास होतो, उन्हात तो लगेच तापतो, हे किती जणांनी विचारलं? पुढं सैबेरियाच्या बर्फातल्या हस्कीची हौस आली. दाट फरचा हा प्राणी पंखा लावलेल्या खोलीतही धापा टाकतो. मग ‘याची कटकट फार’ म्हणून तोही दाराबाहेर.

या हौसेची काळी बाजू कर्नाटकातल्याच एका सिनेमानं दाखवली. १० जून २०२२ रोजी आलेला ‘७७७ चार्ली’ हा कन्नड चित्रपट म्हणजे क्रूर ब्रीडरच्या तावडीतून सुटलेल्या लॅब्राडोरची आणि तिला मनाविरुद्ध घरात घेणाऱ्या एकलकोंड्या धर्माची कथा. जवळच्या नात्यातली कुत्री एकत्र आणून पिल्लं काढली की रोग कसे मागे लागतात, हे त्यात आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना सिनेमा पाहून आपलं गेलेलं कुत्रं आठवलं आणि रडू आवरलं नाही. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी प्रेक्षकांत दोन तट असतातच. एक म्हणतो, ‘असं कुत्रं सांभाळायला हवं.’ दुसरा म्हणतो, ‘असं कुत्रं विकत आणायला हवं!’

बंगळुरूत टाकलेल्या जिवांना आसरा देण्याची परंपरा मात्र जुनी आहे. क्रिस्टल रॉजर्स या १९०६ मध्ये जन्मलेल्या इंग्रज बाईंनी दिल्ली आणि जयपूरमध्ये प्राणिसेवेचं काम उभं केलं. पंच्याऐंशीच्या घरात माणसं नातवंडांकडून सेवा करून घेतात. त्या वयात, १९९१ मध्ये या बाईंनी बंगळुरूत नवी संस्था काढली. नाव ठेवलं ‘कम्पॅशन अनलिमिटेड प्लस अ‍ॅक्शन’, म्हणजे अमर्याद करुणा, अधिक कृती. ‘क्युपा’ या छोट्या नावानं ती ओळखली जाते. १९९६ मध्ये क्रिस्टलबाई गेल्या. काम थांबलं नाही. मालकांनी टाकलेल्या कुत्र्यांना पुन्हा घर मिळावं म्हणून या संस्थेला ‘सेकंड चान्स’ नावाचं वेगळं केंद्रच चालवावं लागलं. दुसरी संधी देणारं केंद्र काढावं लागतं, याचाच अर्थ पहिली संधी वाया घालवणारे किती असतील!

संस्थेच्या नावातला ‘कृती’ हा शब्द महत्त्वाचा. कारण नुसत्या करुणेचं काय होतं, ते प्रत्येक गल्लीतल्या एखाद्या कुत्रेवाल्या मावशींना विचारावं. मावशींनी एक जखमी कुत्रं घरात घेतलं, हे गल्लीभर होतं. आठवड्यानं फाटकाशी खोक्यात तीन पिल्लं ठेवलेली असतात. महिन्यानं कुणी बेल वाजवून म्हणतं, ‘तुम्हाला प्राण्यांची आवड आहे ना? आमचा टॉमी ठेवून घ्या. आम्ही शनिवारी घर सोडतोय.’ मावशी नाही म्हणाल्या तर वर ऐकवलं जातं, ‘मग रस्त्यावर सोडावं लागेल!’ ही विनंती नसते, धमकी असते. मावशींची पेन्शन पिशव्या-पिशव्यांनी तांदूळ आणि औषधं आणण्यात जाते. दोनाची पाच, पाचाची पंधरा होतात. एकाला आजार झाला की सगळ्यांना होतो. शेजारी तक्रार करतात, घरमालक नोटीस देतो. आणि टॉमीचा मालक? तो नव्या घरात सुखानं राहतो. कदाचित नवं पिल्लूही आणतो!

म्हणून प्राणी ठेवून घेताना मालकाला मोकळं सोडायचं नाही, हा पहिला नियम. पुष्कळ संस्था आता तेच करतात. ‘नवं घर मिळेपर्यंत तुम्हीच सांभाळा, आम्ही शोधायला मदत करू,’ असं त्या सांगतात. लसींचे कागद, डॉक्टरांची फाइल, कुत्र्याच्या सवयींची माहिती मालकाकडून मागून घ्यावी. नसबंदीचा खर्च त्याच्याकडून घ्यावा. प्राण्यावरचा हक्क सोडत असल्याचं लेखी घ्यावं. निम्म्या वेळी या नुसत्या प्रश्नांनीच वाट निघते. शिकवणाऱ्याची मदत घेऊन भुंकणं कमी होतं, गावाकडचे आई-वडील कुत्रं ठेवून घेतात. ‘सोसायटी ठेवू देत नाही’ हे कारण पुढं आलं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

मालकाचा पत्ताच नसलेला प्राणी रस्त्यात भेटला तर? आधी तो टाकलेला आहे की हरवलेला, हे पाहावं. फटाक्यांना घाबरून पळालेल्या कुत्र्यासाठी कुणीतरी रडत असू शकतं. फोटो काढून आसपासच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे, दुकानांत, चौकीवर कळवावं. काही कुत्र्यांच्या कातडीखाली मायक्रोचिप असते. डॉक्टर यंत्रानं ती तपासू शकतात. घाबरलेला प्राणी चावू शकतो, म्हणून झडप घालू नये; खाऊ दाखवून, खाली बसून जवळ बोलवावं. चावला, ओरखडला तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. रेबीजच्या बाबतीत ‘बघू उद्या’ चालत नाही.

घरी आणल्यावर लगेच आपल्या कुत्र्या-मांजरांत सोडू नये. दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. उपाशी प्राण्याला एकदम पोटभर घालू नये. मऊ भात, उकडलेलं अंडं किंवा कोंबडी थोडी थोडी, दिवसातून तीन-चारदा द्यावी. लस आणि नसबंदी यांत चालढकल नको. कुत्री दोन महिन्यांत विते. टाकलेल्या एका मादीमुळं वर्षभरात गल्लीचा हिशेब बदलतो. महापालिकेच्या मोजणीनुसार बंगळुरूत २०१९ मध्ये रस्त्यावरची कुत्री सुमारे ३ लाख १० हजार होती, ती २०२३ मध्ये सुमारे २ लाख ७९ हजारांवर आली. एकीकडून नसबंदी करायची आणि दुसरीकडून नसबंदी न केलेली कुत्री रस्त्यावर सोडायची, तर हे आकडे पुन्हा चढायला किती वेळ लागणार?

आणि घर देताना घाई नको. ‘फुकट मिळतंय म्हणून’ येणारा माणूस ओळखायला शिकावं. विशेषतः जातिवंत मादी मागणारा पिल्लांचा धंदा करणारा तर नाही ना, हे पाहावं. त्याचं घर बघावं, घरातल्या सगळ्यांशी बोलावं आणि ‘नको झालं तर रस्त्यावर नाही, आमच्याकडे परत’ एवढं वचन घ्यावं.

कायदा काय करतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! बंगळुरूच्या बऱ्याच हॉटेलांत एवढ्या पैशांत मसाला डोसाही येत नाही. उलट, घेणाऱ्यावर मात्र जबाबदारी मोठी. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलं, की प्राणिप्रेमींना रस्त्यावरची कुत्री दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येईल. पण ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची खात्री त्यांनीच द्यायची. नियम रास्तच आहे. फक्त तो दत्तक घेणाऱ्याइतकाच विकत घेणाऱ्यालाही लागू व्हायला हवा!

तोवर कायद्याचं काम माणसांनाच करावं लागेल. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू आणायचं ठरत असेल, तर घरातल्या मोठ्यांनी आधी तीन प्रश्न विचारावेत. सकाळी सहाला त्याला फिरवणार कोण? दिवाळीत गावी गेलो तर ठेवणार कुठं? आणि बारा वर्षांनी ते आंधळं झालं, अंथरुणात मुतू लागलं, तर उचलणार कोण? तिन्ही उत्तरं मिळाली तर दुकानात न जाता एखाद्या आसरा-केंद्रात जावं. तिथं कोपऱ्यात बसलेलं एखादं कुत्रं पहिले तीन दिवस मान वर करणार नाही. तीन आठवड्यांनी हातातलं खाईल. आणि एक दिवस दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की ते उठेल, धावत दाराशी जाईल...

या वेळी ती गाडी त्याच्यासाठीच परत आलेली असेल.