पुरावा जवानाने का द्यायचा?

सैन्यात भरती करताना पोराची छाती मोजतात, डोळे, कान, गुडघे तपासतात. तळपाय सपाट निघाला तरी घरी पाठवतात. पुढे तोच माणूस रक्तदाब, फिट्स नाहीतर बहिरेपण घेऊन बाहेर पडतो, तेव्हा मेडिकल बोर्ड इंग्रजीत एक ओळ लिहिते: आजाराचा सेवेशी संबंध नाही. अपंगत्व पेन्शन नामंजूर.

मग आजार आला कुठून, हे बोर्डाने सांगायला नको?

सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग खटल्यात याचे उत्तर दिले आहे. हा शिपाई 1985 मध्ये भरती झाला आणि फिट्समुळे 1994 मध्ये बोर्ड आऊट झाला. अपंगत्व 20 टक्के, पेन्शन नाही. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरा. संबंध नाही हे सरकारने कारणांसह सिद्ध करावे, संशयाचा फायदा जवानाला द्यावा. एवढे ऐकायला त्याला एकोणीस वर्षे लागली!

अपंगत्व पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो, अशी ओरड होते. कॅगच्या 2023 च्या अहवालातले आकडे बघा. अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण शिपायांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त आहे. अधिकारी जास्त आजारी पडतात की त्यांना कागद वाचता येतो? मला दुसरे कारण जास्त पटते. आमच्या वस्त्यांत महार रेजिमेंटचे पेन्शनर घरोघरी सापडतील. नामंजुरीचे पत्र आले की साहेबांनी नाही म्हटले, विषय संपला, आणि पत्र ट्रंकेत. अपील करायचे असते हेच कुणी सांगत नाही.

आणि केलेच तर? आधी लष्कराकडे अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. तिथे जिंकला तरी सरकार वरच्या कोर्टात जाते, तेही अनेकदा आधीच निकाली निघालेल्या मुद्द्यावर. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच या सवयीवर बोट ठेवले होते. शहिदांना सलामी देणारे सरकार अपंग जवानाविरुद्ध वकील उभा करते, याची लाज कुणाला वाटते?

तेव्हा ट्रंका उघडा. मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही माहिती अधिकारात मागवा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. (21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम आहेत, त्यांनी ते वेगळे तपासावेत.) पत्र जुने झाले म्हणून हक्क आपोआप बुडत नाही, हे 2008 च्या तरसेम सिंग निकालाने सांगितले आहे. थकबाकी मात्र साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणजे पुढचा प्रत्येक महिना जवानाच्या खिशातून जातो आहे.